‘दुनामाइ’ : ग्रीक भाषेतले ‘शकणे’

मंडळी, दवाखान्यात समोर बसलेला एक माणूस म्हणतो, ‘मला चालता येत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘चालवत नाही हो.’ तिसरा, जरा शिकलेला, म्हणतो, ‘मी चालू शकत नाही.’ आणि आपल्या बेळगावकडच्या खेड्यातून आलेला चौथा म्हणतो, ‘चालायला होईना.’ केसपेपरवर मी चौघांसाठीही एकच ओळ लिहीत आलो. ती चूक होती, हे मला वैद्यकाच्या पुस्तकाने नाही, साठी उलटल्यावर हाती घेतलेल्या ग्रीक व्याकरणाने दाखवले. आजचे व्याख्यान त्या व्याकरणातल्या एका क्रियापदावर आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. एका शब्दाच्या मागे लागलेला वैद्य आहे, एवढे आधी सांगून ठेवतो.

शब्दाच्या मागे लागण्याचे कारण घरचेच आहे. होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान (1755–1843) यांच्या ‘ऑर्गेनॉन’ ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत नवव्या परिच्छेदात शरीराला चालवणाऱ्या जीवनशक्तीला ‘डायनॅमिस’ म्हटले आहे. बी.एच.एम.एस.ला असताना हा शब्द आम्ही पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. हानेमान उत्तम ग्रीक जाणत. ‘होमिओपॅथी’ हे नावही त्यांनी ग्रीक शब्द जोडूनच बनवले. त्यामुळे ‘डायनॅमिस’ त्यांनी उगाच उचललेला नसणार. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द ‘दुनामिस’ असा आहे आणि तो ज्या क्रियापदाशी बांधलेला आहे ते ‘दुनामाइ’. अर्थ : मी शकतो, मला येते, माझ्यात तेवढे आहे. त्यातला ‘उ’ ओठांचा चंबू करून ‘इ’ म्हटल्यासारखा उच्चारायचा आणि ‘ना’मधला ‘आ’ खरे तर ऱ्हस्व. देवनागरीत ही तडजोड करावी लागते.

पहिली गंमत रूपांत आहे. वर्तमानकाळ असा चालतो : दुनामाइ, दुनासाइ, दुनाताइ, अनेकवचनी दुनामेथा, दुनास्थे, दुनान्ताइ. ज्यांनी शाळेत ‘वन्दे, वन्दसे, वन्दते’ घोकले आहे त्यांच्या कानाला हे प्रत्यय ओळखीचे वाटतील. ‘ताइ’च्या शेजारी ‘ते’, ‘साइ’च्या शेजारी ‘से’, ‘न्ताइ’च्या शेजारी ‘न्ते’ ठेवून पाहा. एकाच आजोबांची ही नातवंडे आहेत. म्हणजे आपल्या परिभाषेत सांगायचे तर ‘दुनामाइ’ आत्मनेपदी आहे, आणि फक्त आत्मनेपदी आहे. त्याचे परस्मैपदी रूपच नाही. युरोपीय व्याकरणकार अशा क्रियापदांना लॅटिनवरून ‘डेपोनंट’ म्हणतात, म्हणजे कर्तरी रूप खाली ठेवून दिलेली. जणू त्यांच्याकडे ते कधीतरी होते आणि त्यांनी टाकून दिले! मला हे नाव पटत नाही. ज्याच्याकडे वस्तू कधी नव्हतीच त्याने ती टाकली असे कसे म्हणावे?

त्यापेक्षा संगत पाहावी. ग्रीकमध्ये अशी रूपे घेणाऱ्या क्रियापदांत ‘बूलोमाइ’ (इच्छितो), ‘एपिस्तामाइ’ (जाणतो), ‘ओइओमाइ’ (मला वाटते), ‘हेदोमाइ’ (मला आनंद होतो) अशी मंडळी आहेत. संस्कृतात मन्यते, मोदते, लभते आत्मनेपदी आहेत, आणि ‘समर्थ असणे, सत्ता असणे’ या अर्थाचे ‘ईश्’देखील : ईष्टे. क्रिया बाहेर कोणावर जाऊन पडत नाही, कर्त्याच्या आतच घडते आणि त्यालाच लागू होते, असा या सगळ्यांचा गोतावळा आहे. झाड तोडणे हे झाडाचे काहीतरी करते. तोडता येणे झाडाचे काहीच करत नाही. ती तोडणाऱ्याची स्थिती आहे.

मराठीने हीच गोष्ट वेगळ्या वाटेने साधली. ‘मी पोहतो’मध्ये कर्ता प्रथमेत आहे, पण ‘मला पोहता येते’मध्ये तो चतुर्थीत गेला. पोहणे माझ्याकडे ‘येते’, जसा ताप येतो, राग येतो. ‘चालवत नाही’, ‘बघवत नाही’, ‘खाववत नाही’ या आपल्या शक्य क्रियापदांत तर माणूस आणखी मागे सरकतो : ‘माझ्याच्याने’, ‘मला’. देह नको म्हणतो, मी नाही. आणि ‘चालायला होईना’मध्ये तर माणसाचे नावच नाही, काम आपले आपण होत नाही. या शेवटच्या प्रयोगाच्या शेजारी कन्नडचे ‘आगुवुदिल्ल’ राहते, हे सीमाभागात वाढलेल्यांना सांगायला नको. सारांश, ‘शकणे’ ही कृती आहे असे ग्रीकांनाही वाटले नाही आणि आपल्यालाही वाटत नाही. ‘मी चालू शकतो’ हा एकच प्रयोग कर्त्याला पुढे करतो, आणि तो बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त दिसतो.

व्याकरणाचा पुढचा नियम सोपा. ‘दुनामाइ’ला जोडून दुसरे क्रियापद तुमन्तासारख्या रूपात येते, संस्कृतात ‘गन्तुं शक्नोति’, तसेच. एकटे वापरले तर अर्थ सत्तेकडे झुकतो. ‘मोठे शकणे’ म्हणजे वजन असणे, आणि ‘शकणारे लोक’ म्हणजे गावातले बडे लोक. आणखी एक ठेवण आपल्याला घरची वाटेल. ‘ते शकत होते तितक्या वेगाने गेले’ असे ग्रीक लेखक लिहीत. पुढे मधले ‘शकत होते’ गाळूनही तीच ठेवण चालू राहिली. आपण ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणतो तेव्हा हेच करतो.

नकार दुहेरी झाला की अजून मजा येते. अरिस्तोफनीसच्या ‘बेडूक’ या इ.स.पू. 405च्या प्रहसनात दिओनिसस हा देव केशरी झग्यावर सिंहाचे कातडे पांघरून हेराक्लीसच्या दारी येतो. त्याचा तो अवतार पाहून हेराक्लीस शपथेवर सांगतो की न हसणे आपल्याला शक्यच नाही. तिथे हेच क्रियापद नकारासह आहे आणि पुढच्या ‘हसणे’लाही नकार जोडलेला आहे. मराठीत ‘मी न हसू शकत नाही’ असे कोणी म्हणाला तर त्याच्यावरच हसतील. आपण म्हणतो, ‘हसल्यावाचून राहवत नाही.’ पुन्हा तेच शक्य क्रियापद!

आता थोडे अनपेक्षित. या क्रियापदाला माणूसच कर्ता लागतो असे नाही. क्सेनोफोन आपल्या ‘अनाबासिस’मध्ये सांगतो की इराणी सिग्लोस हे नाणे अथेन्सचे साडेसात ओबोल ‘शकते’. म्हणजे त्याची किंमत तेवढी आहे. सहा ओबोलांचा एक द्राख्मा होई, तेव्हा सिग्लोस हा सव्वा द्राख्मा झाला. (याच द्राख्म्याचा आपल्याकडे ‘द्रम्म’ झाला आणि त्याचा ‘दाम’. शेंगदाण्याचे दाम विचारताना आपण थोडे ग्रीक बोलतच असतो.) हेरोडोटस शब्दांच्या बाबतीत हेच करतो. दरायस, क्सर्क्सिस ही इराणी राजांची नावे ग्रीक भाषेत काय ‘शकतात’, म्हणजे त्यांचा अर्थ काय, हे तो सांगतो. त्याचे अर्थ आजच्या पंडितांना मान्य नाहीत, पण त्याची क्रियापदाची निवड फार बोलकी आहे. नाण्यात किंमत असते ती खर्च करण्याआधीच असते. शब्दात अर्थ असतो तो उच्चारण्याआधीच असतो. आपल्याकडचे शास्त्रकार शब्दाच्या अर्थ देण्याच्या सामर्थ्याला ‘शक्ती’च म्हणतात. न्यायशास्त्र वाचणाऱ्यांना हेरोडोटसचे वाक्य मुळीच परके वाटणार नाही.

भूमितीवाले याहून पुढे गेले. एखादी रेघ अमुक क्षेत्र ‘शकते’ असे ते म्हणत. त्या रेघेवर चौरस काढला तर तेवढे क्षेत्र भरते, असा याचा अर्थ. प्लेटोच्या ‘थीएटेटस’ संवादात तीन चौरस फूट, पाच चौरस फूट असे करत सतरापर्यंतच्या चौरसांच्या बाजूंचा विचार येतो, आणि ज्या बाजू फुटाने नेमक्या मोजता येत नाहीत त्यांना तो तरुण गणिती ‘दुनामिस’ हे नाव देतो. युक्लिडच्या दहाव्या पुस्तकातही ‘दुनामिसने सममेय’ अशा रेघा आहेत : लांबीने मोजता येत नाहीत, पण चौरसाने येतात. रेघ कागदावर पडून आहे, चौरस अजून काढलेला नाही, तरी तो तिच्यात आहे. ॲरिस्टॉटलने हा वापर केवळ लाक्षणिक म्हणून बाजूला ठेवला. मला तो लाक्षणिक वाटत नाही. उलट या क्रियापदाचा गाभा इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

भूतकाळाकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे, कारण माझे हात तिथे पोळले.

भूतकाळासाठी क्रियापदाच्या आधी ‘ए’ लागतो, संस्कृत ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’सारखा. ‘दुनामाइ’ला कधी हा ‘ए’ ऱ्हस्व लागतो, कधी दीर्घ. अशी दुहेरी सवय असलेली क्रियापदे मोजून तीन : इच्छिणे, शकणे आणि ‘बेतात असणे’. तिन्ही अजून न घडलेल्या गोष्टीकडे तोंड करून उभी आहेत, हा योगायोग असेल, पण मला आवडतो.

महत्त्वाचे म्हणजे भूतकाळ दोन आहेत. ‘एदुनातो’ हा अपूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘त्याला येत होते’. ‘एदुनेथे’ हा दुसरा भूतकाळ, एकदा घडून गेलेल्या गोष्टीचा, म्हणजे ‘त्याला आले, जमले’. पहिल्यात सामर्थ्य सांगितले आहे. काम झाले की नाही ते सांगितलेले नाही. दुसऱ्यात बहुधा काम झालेलेच असते. मराठीत हा भेद जसाच्या तसा आहे. ‘मला विहिरीत पोहता येत होते’ म्हणजे तरुणपणी ती कला होती. ‘मला विहिरीबाहेर पोहत येता आले’ म्हणजे वाचलो. पहिल्या वाक्यानंतर ‘पण त्या दिवशी उतरलोच नाही’ म्हणता येते. दुसऱ्यानंतर म्हणता येत नाही.

अपूर्ण भूतकाळ आणखी एक काम करतो : हुकलेल्या संधीचे. मार्कच्या शुभवर्तमानात एक स्त्री येशूच्या मस्तकावर महागडे सुगंधी तेल ओतते, तेव्हा काही जण कुरकुरतात की हे तीनशे दिनारांहून अधिकाला विकता आले असते आणि गरिबांना देता आले असते. ‘आले असते’ या जागी ग्रीकमध्ये नुसते ‘एदुनातो’चेच रूप आहे, दीर्घ ‘ए’चे. ‘असते’सारखे वेगळे काही जोडलेले नाही. विकण्याची शक्यता तेलात होती, ते सांडल्यावरही ती ‘होती’ म्हणून उरते.

बरीच वर्षे झाली. पक्षाघातातून सावरत असलेल्या एक आजी माझ्याकडे येत. डावा हात वर करा म्हटले की, ‘होत नाही.’ एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, काल पाहुणे आले तेव्हा यांनी याच हाताने डोक्यावरचा पदर सावरला.’ मी आजींकडे वळून म्हणालो, ‘म्हणजे तुम्हाला येतंय आजी, तुम्ही करत नाही.’ त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी आल्या नाहीत, त्यानंतरही नाहीत. ‘एदुनेथे’वरून मी ‘दुनाताइ’ काढले होते. काल पदर सावरता आला, एवढेच सिद्ध झाले होते. आज सांगितल्यावर हात उचलता येतो, हे नाही. मज्जासंस्थेला जखम झालेल्या माणसात सवयीची हालचाल आणि सांगून केलेली हालचाल वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, हे मी शिकलो होतो. पण वाक्य तोंडातून गेले ते व्याकरणाच्या चुकीने.

ग्रीकांमध्ये याच्या उलट टोकाची चूक करणारा एक पंथ होता, मेगारा गावच्या तत्त्वज्ञांचा. त्यांचे म्हणणे, जो आत्ता करतो आहे तोच करू शकतो. गवंडी भिंत बांधत असेल तेव्हाच त्याला बांधता येते, थांबला की येत नाही. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या नवव्या पुस्तकात त्यांचा समाचार घेतला आहे. तो विचारतो, मग गवंड्याने जेवायला थापी खाली ठेवली की त्याची विद्या गेली म्हणायचे का? आणि जेवून उठल्यावर तो ती पुन्हा कुठून शिकून येतो? डोळे मिटले की माणूस आंधळा, असे मानले तर आपण दिवसातून कितीदा आंधळे होतो! ‘दुनामिस’ म्हणजे आत असलेले सामर्थ्य आणि ‘एनेर्गेइआ’ म्हणजे प्रत्यक्ष चाललेले काम, हा भेद तिथून पक्का झाला. आजचा ‘एनर्जी’ हा शब्द दुसऱ्या शब्दातून आला आणि ‘डायनामो’, ‘डायनामाइट’ पहिल्यातून; म्हणजे झोपलेल्या शब्दाची मुले भलतीच दांडगी निघाली.

वाद तिथेच मिटला नाही. नुसत्या स्वभावाने शक्य असले की पुरे, असे फिलो मानी : समुद्राच्या तळाशी पडलेला भुसाही जळू ‘शकतो’, जरी तो कधी जळणार नसला तरी. त्याचा गुरू दिओदोरस क्रोनस म्हणे, जे आहे किंवा पुढे कधीतरी होणार आहे तेवढेच शक्य. बाकी नुसती बोलणी. हे वाचले तेव्हा मला आमच्या पाठशाळेची आठवण झाली. भव्य जीव म्हणजे मोक्षाची योग्यता असलेला, अभव्य म्हणजे ती नसलेला. अभव्याला कितीही शिजवला तरी न शिजणाऱ्या मुगाची उपमा. पण आचार्यांनी तिसराही प्रकार सांगितला आहे, दूरानुदूर भव्य : योग्यता आहे, पण कारणसामग्री कधीच जुळणार नाही. लहानपणी मी विचारले होते, मग त्यात आणि अभव्यात फरक काय? उत्तर मिळाले, ‘फरक आहे.’ तेव्हा ते उत्तर मला चुकवाचुकवीचे वाटले. तो समुद्रतळाचा भुसा आहे, दगड नाही, एवढे आता कळते. अंतराय कर्माच्या पाच भेदांतला वीर्यांतराय हा याच जातीचा विचार आहे : आत्म्याचे वीर्य अनंत आहे, ते झाकलेले आहे. झाकलेले म्हणजे नसलेले नव्हे. मेगाराकरांना हे मुळीच रुचले नसते.

‘शकत नाही’मागे नेहमी असमर्थताच असते असेही नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात एक निमंत्रित निरोप पाठवतो की माझे लग्न झाले आहे, म्हणून मी येऊ शकत नाही. त्याचे पाय धड आहेत. हे ‘शकत नाही’ आपण रोज लग्नपत्रिकांना उत्तर म्हणून देतो. याउलट योहानाच्या पहिल्या पत्रात, देवापासून जन्मलेला पाप करू शकत नाही, अशा अर्थाचे विधान आहे, आणि त्याच पत्रात आधी, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, असेही आहे. मग जुळवायचे कसे? काही भाषांतरकार ‘शकत नाही’ला जोडलेल्या क्रियापदाच्या चालू रूपाकडे बोट दाखवून ‘पाप करत राहू शकत नाही’ असा अर्थ घेतात. काहींच्या मते एका प्रत्ययावर एवढा भार टाकणे बरे नाही. मी त्या धर्माचा नाही, निकाल देण्याचा मला अधिकार नाही. पण एका प्रत्ययावर कोणाच्या तरी मनाची शांती टांगलेली असू शकते, हे मला पटते. पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलसाठी ग्रीक आणि हिब्रू शिकून 1922 साली निधन होईपर्यंत जे कष्ट घेतले, त्यांत अशा किती जागी त्या थांबल्या असतील!

आजच्या ग्रीसमध्ये ‘दुनामाइ’ बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. ताकद या अर्थी त्याचे नाम टिकून आहे, ‘शक्य’ आणि ‘मजबूत’ या अर्थी विशेषणही टिकून आहे. पण ‘मी शकतो’ म्हणायला लोक ‘बोरो’ म्हणतात. हे आले जुन्या ‘एउपोरेओ’वरून. त्यात ‘एउ’ म्हणजे चांगला आणि ‘पोरोस’ म्हणजे वाट, उतार. नदी जिथून पायी ओलांडता येते तो उतार. अंगात बळ आहे की नाही हे आता तिथे कोणी विचारत नाही. पलीकडे जायला वाट आहे का, एवढेच विचारतात.